पंधरवडा पत्रकाची मशीन

मित्रांनो, एका कागदाचे शंभर कागद करणारी मी एक जुनी सायक्लोस्टाईल मशीन आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल. माझ्या पोटात एक पोकळ लोखंडी ढोल आहे आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा. टंकलेखक मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर टाइप करायचा, म्हणजे अक्षरांच्या जागी मेण तुटायचे. तो कागद माझ्या ढोलावर गुंडाळून दांडा फिरवला की तुटलेल्या जागेतून शाई झिरपायची आणि कोऱ्या कागदावर अक्षरे उमटायची. एवढेच माझे काम. पण त्या कामाने मला जे दाखवले, ते आज तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. १९५६ सालच्या शेवटी मला गवत भरलेल्या खोक्यात घालून रवाना केले. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत मी छोट्या रेल्वेने आले आणि तिथून मोटारीच्या टपावर बसून दिग्रसला. टपावर माझ्या शेजारी कोंबड्यांचा डालगा होता. कोंबड्या वाटभर माझ्या खोक्यातले गवत ओढत होत्या.

दिग्रस म्हणजे कापसाचे गाव. सरकी काढणाऱ्या जिनांची धडधड, बाजारात उभ्या बैलबंड्या, हवेत उडणारी रुई. गावाबाहेर पुसदच्या रस्त्याला एक संशोधन केंद्र नुकतेच उघडले होते. कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या अळीवर तिथे काम चालायचे. मित्रांनो, हे काम एका केंद्राचे नव्हते. वऱ्हाडात, खानदेशात, गुजरातेत, आंध्रात, म्हैसूरकडे अशी कितीतरी केंद्रे एकाच वेळी एकाच अळीच्या मागे लागली होती. कुठे कोणते वाण टिकले, कुठे अळी लवकर आली, कोणत्या औषधाने मेली, हे प्रत्येकाने इतरांना कळवायचे. सगळ्यांची टिपणे आणि तारा दिग्रसला यायच्या. आमचे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, त्या वाचून इंग्रजीत एक पत्रक तयार करायचे आणि ते दर पंधरवड्याला सगळीकडे जायचे. त्याला सगळे पंधरवडा पत्रक म्हणत. ते पत्रक छापण्यासाठी मला आणले होते.

खोके उघडले ते देवरावने. देवराव केंद्रातला शिपाई. उंच, शेलाटा, बोलायला हळू. दोन-अडीच महिन्यांपूर्वीच तो आणि त्याची बायको पंचफुला नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आले होते. त्याने मला फडक्याने पुसले, दांडा धरून पाहिला आणि शेजारी उभ्या टंकलेखकाला म्हणाला, "सरदारभाई, हे तं जात्यावानी हाय. फक्त पीठ काळं पाडते!"

सरदारभाई हसले. सरदार खान हे दिग्रसचेच. वडिलांचे शिंप्याचे दुकान होते, पण ह्यांनी यवतमाळला टंकलेखन शिकून नोकरी धरली. त्यांची बोटे इतकी चपळ होती की डोळ्यांनी अक्षर पाहावे आणि बोटांनी उमटवावे, मध्ये डोके यायचेच नाही. ते स्वतःच सांगायचे, "हम तो अक्षर टाइप करते, देवराव. मतलब साहब जाने."

त्या दोघांच्या हाताखाली माझी पहिली वर्षे सुखात गेली. सरदारभाई मेणकागदावर टाइप करायचे, देवराव तो माझ्यावर चढवायचा. शाई किती घालावी, दमट दिवसात कागद आधी कसा हलवून मोकळा करावा, हे तो थोड्याच दिवसांत शिकला. तो मराठी चौथी शिकलेला होता, इंग्रजी त्याला येत नव्हते. पण पान डागाळलेले त्याला खपत नसे. एकदा खानदेशातून अळी वेळेआधी आल्याची तार आली आणि आम्ही नेहमीची वाट न पाहता त्याच दिवशी खास पत्रक छापून धाडले. आंध्रातल्या केंद्राने त्यामुळे आपली कपाशी वाचवली. पुढे मुंबईहून एक मोठे अधिकारी आले तेव्हा त्यांनी माझ्या ढोलावर थाप मारली आणि म्हणाले, "सगळी केंद्रे हिच्यामुळे एकमेकांशी बोलतात." देवराव दारात उभा होता. त्याची मान ताठ झाली, जणू थाप त्याच्याच पाठीवर पडली होती.

माझ्या खोलीच्या खिडकीतून प्रयोगाची शेते दिसत. पंचफुला तिथेच कामाला यायची. फवारणीचे पंप पुरुष पाठीवर घेत आणि बाया हंड्याने पाणी आणून औषध कालवत. शेताच्या कडेला निंबाखाली पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवलेला असे. बाकीच्या बाया माठात गडवा बुडवून पाणी प्यायच्या. पंचफुलाने मात्र माठाला हात लावायचा नाही, ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचे, अशी रीत होती. दीक्षा घेण्यापूर्वी ती तसे प्यायची. दीक्षेनंतर तिने ओंजळ धरणे सोडले. ती दिवसभर तहानलेली राहायची आणि घरी जाऊन पाणी प्यायची.

एका दुपारी ती खिडकीशी आली. ओठ वाळले होते.

"एखांदं झाकणाचं भांडं पाहा न माह्यासाठी," ती देवरावला म्हणाली. "आपलं पाणी आपण आणीन. कोणापुढं ओंजय धरत नाही मी आता."

"अव, पण दिवसभर उपाशी-तहानी..."

"तहान परवडली," ती म्हणाली. एवढे बोलून ती कामाला गेली.

हे १९५८ सालचे. त्या वर्षी एक नवे, फार जहाल औषध प्रयोगाला आले होते. चकचकीत पत्र्याच्या डब्यांतून ते यायचे. डब्यांना घट्ट फिरकीचे झाकण असे. दसऱ्याच्या आधी आंध्रातल्या केंद्राकडून एक टिपण आले. सरदारभाईंनी ते टाइप केले, देवरावने माझ्यावर छापले, साहेबांनी सही केली आणि पत्रक टपालाने सगळ्या केंद्रांना गेले. लिफाफ्यांवर नावे होती ती साहेबलोकांची. खिडकीसमोरच्या शेतात ते पत्रक गेले नाही. तिथे कुणाला इंग्रजी येत होते?

दसरा झाला आणि ऊन तापले. आमच्याकडे पाऊस सरला की उन्हाळ्यासारखेच ऊन पडते. देवराव सामानाच्या खोलीतून एक रिकामा डबा घेऊन साहेबांकडे गेला. दार उघडे होते, मला सारे ऐकू आले.

"साहेब, हा डबा नेऊ का घरी? पंचफुलाले पाण्यासाठी पाह्यजे."

साहेब कसल्याशा आकड्यांत गढले होते. मान वर न करता म्हणाले, "ने. नीट धुऊन घे म्हणजे झालं."

देवरावने तो डबा राखेने घासला, गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी पंचफुला तो डबा काखेत घेऊन शेताकडे चालली होती. पत्रा उन्हात लखलखत होता. खिडकीपाशी आल्यावर तिने डबा उंच करून देवरावला दाखवला आणि हसली. तिला इतके मोकळे हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

त्या दिवशी दुपारी शेतातून आरडाओरड ऐकू आली. देवराव माझा दांडा सोडून धावला. पंचफुला निंबाजवळ पडली होती. तिचे अंग आचके देत होते, दातखीळ बसली होती. बंडी जोडली, सरकारी दवाखान्याकडे हाकली. ती वाटेतच गेली.

मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. त्या दिवशी ऊन फार होते आणि दुपारपर्यंत माठ रिकामा झाला होता. जवळच पंचफुलाचा डबा भरलेला होता. तिने इतर बायांना विचारलेही होते, "घ्या न, पेता का?" पण तिच्या भांड्यातले पाणी कोण पिणार? एकीनेही डब्याला हात लावला नाही. म्हणून बाकीच्या सगळ्या वाचल्या.

तिला अग्नी दिला तेव्हा नव्या धर्माचा विधी कसा करायचा हे वस्तीत कुणाला नीट ठाऊक नव्हते. नागपूरला ऐकलेल्या ओळी जशा आठवल्या तशा सगळ्यांनी म्हटल्या आणि पुढे उगी राहिले, असे मी नंतर ऐकले.

देवराव कामावर परतला तेव्हा माझ्या ढोलावरची शाई वाळून कडक झाली होती. तो घासलेटाच्या फडक्याने ती पुसत बसला. पुसून झाले तरी पुसतच राहिला. तेवढ्यात सरदारभाई आत आले. त्यांच्या हातात जुन्या पत्रकाची उरलेली प्रत होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डब्याची चौकशी केल्यापासून त्यांच्या मनात काहीतरी सलत होते. आज त्यांनी ते पत्रक पहिल्यांदाच टाइप करण्यासाठी नाही, तर वाचण्यासाठी हातात घेतले होते.

"देवराव," ते म्हणाले आणि थांबले. "इसमें लिखा है."

"का लिवलं हाय?"

"आंध्रात एक गडी असाच गेला. लिवलं हाय की रिकामे डबे ठेचून जमिनीत गाडा. त्यात पाणी भरू नका, दाणे ठेवू नका. धुतले तरी नाही."

देवरावने तो कागद हातात घेतला. एका कोपऱ्यात त्याच्याच अंगठ्याचा पुसट ठसा होता.

"हे मी छापलं?"

"हम दोनोंने."

"मंग मले काहून नाही सांगतलं, सरदारभाई?"

"मी वाचलंच नव्हतं रे," सरदारभाई म्हणाले, आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडू लागले. देवराव रडला नाही. त्याने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाताची शाई त्यांच्या सदऱ्याला लागली. त्या दिवशी माझ्यावर एकही पान छापले गेले नाही.

चारआठ दिवसांनी मथुराबाई आली. ती बायांच्या टोळीची मुकादमीण. वयस्क, करडी बाई. वरून पाणी ओतण्याची रीत तिनेच कडक पाळलेली. ती खोलीच्या आत आली नाही, उंबऱ्यावर बसली.

"देवराव, आमी तिच्या हातचं पाणी पेलो असतो तं आमीबी गेलो असतो," ती म्हणाली. "नाही पेलो म्हणून जिती हावो. हे तोंड कुठं दाखवू, सांग बापा."

देवरावच्या हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. तो त्याने खाली ठेवला.

"तुमी जगल्या ते बरंच झालं, मथुराबाई. तिनं काही तुमच्या जिवासाठी पाणी नव्हतं आणलं. तिच्या मानासाठी आणलं होतं."

मथुराबाईने पदर तोंडाला लावला. जाताना ती उंबऱ्याला हात टेकवून नमस्कार केल्यासारखे करून गेली.

मग देवराव साहेबांच्या खोलीत गेला. सरदारभाईही मागोमाग गेले. पुढच्या फवारणीआधी पत्रकाचे एक पान आपल्या भाषेत निघावे आणि ते शेतात वाचून दाखवावे, एवढेच त्याचे मागणे होते. साहेब वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. त्या घटनेपासून त्यांनी नीट जेवण केले नव्हते, असे स्वयंपाकी सांगत असे. ते म्हणाले, "पत्रक इंग्रजीतच काढावं लागतं, देवराव. तेलुगू, गुजराती, कानडी, सगळ्यांना ते कळायला हवं. पण एक पान वेगळं काढू. काय लिहायचं ते मी सांगतो."

मराठी टंकयंत्र केंद्रात नव्हते. म्हणून लोखंडी टोकाच्या लेखणीने मेणकागदावर हातानेच लिहायचे ठरले, आणि देवराव म्हणाला, मीच लिहितो. तो माझ्या शेजारी बैठक मारून बसला. साहेब सांगू लागले, "लिही. हे औषध जपून वापरावे."

देवरावची लेखणी हलली नाही.

"साहेब, औषधानं माणूस बरा होते. हे विष हाय. विष लिहा, साहेब."

"अरे, विष लिहिलं तर उद्या एक मजूर येणार नाही. सगळ्या केंद्रांचं काम एकमेकांत गुंतलेलं आहे. आपलं अडलं तर सगळ्यांचं वर्ष वाया जाईल."

"येतील, साहेब. पोट हाय न त्याईले. येतील, पण जपून येतील. पंचफुला औषध समजून गेली. औषधाच्या डब्याले कोण भेते?"

साहेब खिडकीकडे वळले. तिथूनच ते म्हणाले, "मीच तुला हो म्हटलं होतं. लिही. विष लिही."

ते पान मी छापले. आजवर माझ्यावर छापलेले ते पहिले मराठी पान. अक्षरे मोठी आणि वाकडीतिकडी होती. त्यावर असे होते:

हे औषध नाही. विष आहे.
वाऱ्याकडे तोंड करून मारू नका.
हात धुतल्याशिवाय भाकर खाऊ नका.
रिकामा डबा घरी नेऊ नका. त्यातले पाणी पिऊन पंचफुला देवराव मेली.

शेवटची ओळ साहेबांनी सांगितली नव्हती. त्यांनी ती वाचली आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. सगळे आले. फवारणीच्या आधी देवराव निंबाखाली उभा राहून ते पान वाचायचा, आणि मथुराबाई एकेकीच्या नाका-तोंडाला फडके बांधून घेतल्याशिवाय कुणाला शेतात पाय टाकू द्यायची नाही. पुढे प्रत्येक फवारणीला हाच नेम झाला. देवराव सगळे पान मोठ्याने वाचायचा, पण शेवटच्या ओळीला त्याचा आवाज खाली यायचा. ती ओळ ऐकायला बाया पुढे सरकायच्या. पानाची हकिकत पत्रकातून इतर केंद्रांना कळली. आंध्राने तेलुगूत, गुजरातच्या केंद्राने गुजरातीत पाने काढली. त्यांच्या प्रती आमच्याकडेही आल्या. देवरावला त्यांतले एक अक्षर कळत नव्हते. तरी तो त्या प्रती हातात घेऊन बसायचा.

वर्षे गेली. आमच्या कागदांवर आधी मुंबई राज्य असे नाव असायचे, मग महाराष्ट्र आले. देवरावने दुसरे लग्न केले नाही. लोकांनी सांगून पाहिले, पण तो हसून विषय टाळायचा.

मग संशोधनाचा शेवटचा मोठा अहवाल निघाला. सगळ्या केंद्रांनी मिळून केलेल्या इतक्या वर्षांच्या कामाचे ते पुस्तकच होते. मी आणि देवराव कित्येक दिवस तेच छापत होतो. त्यात शास्त्रज्ञांची नावे होती, अधिकाऱ्यांचे आभार होते, वाणांची आणि फवारण्यांची कोष्टके होती. छपाई संपत आली तेव्हा देवराव सरदारभाईंना म्हणाला, "पाहा न भाऊ, तिचं नाव कुठं हाय काय?"

सरदारभाईंनी आता न वाचता टाइप करणे कधीच सोडले होते. या अहवालाचे प्रत्येक पान त्यांनी वाचूनच टाइप केले होते, त्यामुळे उत्तर त्यांना आधीच माहीत होते. तरी त्यांनी देवरावसमोर पुन्हा सगळी पाने चाळली. दिग्रसच्या केंद्राविषयी लिहिले होते की फवारणीचे काम समाधानकारक झाले.

"नाही, देवराव. मी साहेबांले इचारलं होतं. त्याईनं नाव घातलं होतं. वरून काटून आलं. म्हणे अशा अहवालात मजुराचं नाव राहत नाही."

"एका ओळीतबी नाही?"

"नाही रे."

देवराव उभा होता. मला वाटले, तो आता दांडा सोडून निघून जाईल. त्याच्या जागी मी असते तर गेले असते. पण त्याने कागदांचा नवा गठ्ठा हलवून मोकळा केला, कडा जुळवल्या आणि उरलेली पाने छापली. एकाही पानावर डाग पडू दिला नाही. त्या दिवसाइतका जड माझा दांडा कधीच फिरला नव्हता, आणि त्यात दोष ना माझ्या चाकांचा होता, ना शाईचा.

अहवाल गेला आणि योजना संपली. साहेबांची बदली झाली. सरदारभाई यवतमाळच्या कचेरीत गेले. देवरावला महागावकडच्या शेतीफार्मावर राखणदार म्हणून धाडले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला पुसले, सांध्यांना तेल दिले आणि गोणपाटाखाली झाकले. तो म्हणाला, "लय काम केलं तू." बस, एवढेच. त्यानंतर मी त्याला पाहिले नाही.

आता मी यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका गोदामात मोडक्या खुर्च्यांच्या मागे पडून आहे. माझे रबर चिरले आहे, दांड्याची मूठ कुणीतरी काढून नेली आहे. गोदामात सामान ठेवायला येणारी माणसे मला ओळखत नाहीत. एकाने मला पाहून विचारले, ही रसवंतीची चक्की काय? मला राग आला नाही. मशीनचे असेच व्हायचे. नवी येते, जुनी कोपऱ्यात जाते.

पण मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी शास्त्रज्ञ व्हाल, कुणी कचेरीत बसाल, कुणी माझ्याहून कितीतरी वेगवान यंत्रांवर काम कराल. तुमचे म्हणणे क्षणात दूरदूर पोचेल. तेव्हा एवढे करा. कागद दूर धाडण्याआधी खिडकीबाहेर पाहा. तिथे कुणीतरी उन्हात तुमचेच काम करत असेल. आधी त्याला हाक मारा, त्याच्या बोलीत सांगा, आणि त्याला कळले की नाही ते विचारा. मला हे करता आले नाही, कारण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.